बहीण विमानानं विलायतेला गेली

माझी धाकटी बहीण विमानानं विलायतेला गेली, तेव्हा मी दुसरबीडला घराच्या ओट्यावर ज्वारी निवडत बसले होते. माझे यजमान तिथल्या शाळेत मास्तर होते. बुलढाण्याहून आलेल्या एका ओळखीच्या माणसानं निरोप सांगितला, "तुमची बहीण उडाली बरं काल." मी म्हटलं, "उडू द्या." आणि सुपातली ज्वारी इतक्या जोरात पाखडली, की निम्मी अंगणात गेली.

तिच्या नवऱ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. तो मुलगा आमच्या घरी मला पाहायला आला होता. बाबा बुलढाण्याच्या कचेरीत कारकून, आम्ही दोघी बहिणी, कचेरीमागच्या गल्लीत टिनाच्या छपराचं भाड्याचं घर. मी पोहे घेऊन बाहेर गेले, मान खाली घालून बसले, विचारलं त्याची उत्तरं दिली. पाण्याचा तांब्या तेवढा धाकटीनं आणून ठेवला. आठ दिवसांनी त्यांचा निरोप आला, की मोठीऐवजी धाकटी देत असाल तर आमची हरकत नाही. बाबा दोन दिवस माझ्याशी नजर मिळवून बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाई, तुलेही चांगलंच पाहू." मला मास्तर पाहिले. मास्तर चांगलेच होते, अजूनही आहेत. पण मास्तरांना कोणी विमानाचं तिकीट देत नाही.

त्या मुलाला मुंबईत एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. आमचं वऱ्हाड अजून मध्यप्रांताला जोडलेलं, कचेरीतले हुकूम नागपूरहून यायचे, आणि आमच्या ओळखीत आगगाडीच्या पहिल्या वर्गातसुद्धा कोणी बसलेलं नव्हतं. अशात कंपनीनं त्याला सहा महिन्यांसाठी लंडनला पाठवलं, बायकोसकट, आणि तेही बोटीनं नाही, विमानानं. साहेबलोकांसाठी असतात तशा पहिल्या वर्गाच्या जागा दिल्या.

सहा महिन्यांनी ती परत आली आणि थोड्या दिवसांनी माहेरपणाला बुलढाण्याला आली. आईनं मला बोलावून घेतलं. मी तिन्ही मुलं घेऊन गेले. खरं सांगायचं तर मुलं मुद्दाम नेली. तिच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि तिची ओटी रिकामी होती. दर हळदीकुंकवाला मी चार बायकांच्या देखत तिला म्हणायची, "पुढच्या वर्षी पाळणा हलू दे बाई." माझ्याजवळ तेवढं एकच होतं.

दुपारी गल्लीतल्या बायका जमल्या. बाबाही कचेरीतून लवकर आले आणि दारात खुर्ची टाकून बसले. ती पाचवारी नेसून मध्ये बसली होती. बोलणं तर इतकं बदललेलं, की 'मले' आणि 'तुले' जाऊन 'मला' आणि 'तुला' आलं होतं.

शेजारच्या काकूंनी सुरुवात केली. "पोटात ढवळून नाही आलं का वं?"

"नाही हो काकू. पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही. वर चढताना कान दडपतात, म्हणून चघळायला गोळ्या देतात, कानात घालायला कापूस देतात. मग एकदा वर गेलं की घरात बसल्यासारखंच."

खुर्ची म्हणे एवढी रुंद, की मांडी घालून बसावं. मागे रेटली की आरामखुर्ची व्हायची. जेवण यायच्या आधी मांडीवर पांढरा स्वच्छ रुमाल अंथरायचे. आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर उकडलेले बटाटे, मटार, पाव, लोणी, फळं, आणि शेवटी दुधाचं बर्फ. काटे-चमचे चांदीचे. कैरोला उतरून पाय मोकळे केले, तिथं चहा घेतला आणि पुन्हा वर. रात्री भिंतीतून बिछाना खाली यायचा, त्यावर चादर, उशी, आणि समोर पडदा.

"आणि मी आडवी झाले ना," ती म्हणाली, "तर त्यांचा माणूस आला आणि माझ्या पायांवर पांघरूण नीट करून गेला."

"माणूस म्हणजे? कोण?" बाबांनी विचारलं.

"त्यांचाच नोकर. गोरा."

"गोरा?"

"हो. इंग्रज."

बाबांचा जन्म साहेबापुढे उभं राहण्यात गेला होता. साहेबाच्या खोलीत जाताना ते जोडे बाहेर काढून जात. ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "पुन्हा सांग बरं. पायावर?"

तिनं पुन्हा सांगितलं. बाबा उठून आत गेले आणि आईला ऐकू जाईल असं म्हणाले, "आयकलं काय? आपल्या पोरीच्या पायावर इंग्रजानं पांघरूण घातलं." तसा आवाज त्यांनी माझ्यासाठी कधी काढला नव्हता. मी त्यांना दोन नातू आणि एक नात दिली होती.

मला राहवलं नाही. मी मोठ्यानं विचारलं, "ते सारं ठीक आहे. पण एवढ्या उंचावर परसाकडे कुठं जात होतीस?"

बायका फिदीफिदी हसल्या. काकूंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता आली खाली.

ती अजिबात ओशाळली नाही. "अगं ताई, त्याचीच तर गंमत. छोटीशी खोली होती. आरसा, दिवा, नळाला ऊन पाणी, वासाचा साबण, हात पुसायला दरवेळी नवा रुमाल."

"ऊन पाणी? आभाळात?" काकू म्हणाल्या. मग पुढचा अर्धा तास बायका त्या खोलीबद्दलच विचारत राहिल्या. त्यांच्यापैकी एकीच्याही घरी नळ नव्हता. ज्या गोष्टीवर मी तिला पाडायला गेले, ती सगळ्यांना विमानाहून मोठी वाटली.

माहेरपण संपल्यावर तिला मलकापूरला गाडीत बसवून द्यायला बाबा आणि मी मोटारीनं निघालो. बाबा पुढे ड्रायव्हरच्या शेजारी, आम्ही दोघी मागे. राजूरच्या घाटात मोटार वळणं घेऊ लागली तसा तिनं माझा हात घट्ट धरला.

"ताई, मले धर. मले कसंतरी होऊन राह्यलं."

तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मी तिची पाठ चोळत होते आणि मनातून इतकी खुश होते की काय सांगू! विलायतेपर्यंत जिच्या पोटातलं पाणी हललं नाही, तिला आमच्या घाटानं आडवं केलं. शिवाय 'मले' परत आलं होतं. घाट उतरून ड्रायव्हर मोटारीत पाणी टाकायला थांबला, तेव्हा मी तिला झाडाखाली बसवलं, तांब्यानं चूळ भरायला लावली आणि म्हटलं, "काऊन वं? आभाळात काही झालं नाही आणि राजूरच्या घाटात एवढं?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. बाबा लांब उभे आहेत हे पाहून हळूच म्हणाली, "हे मोटारीचं नाही, ताई."

"मंग?"

ती माझ्याकडे पाहून हसली. तिचे डोळे भरून आले होते. "दोन महिने झाले. आईलेही नाही सांगितलं. आधी तुलेच सांगून राह्यली."

मी तिला जवळ घेतलं. घ्यावंच लागलं. बोलले पण सगळं योग्य तेच, जड उचलू नको, आंबट खा, गाडीत खिडकीशी बस. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडत होती आणि मी समोरच्या शेताकडे पाहत होते. विमान तिचं, मुंबई तिची, बाबांचा तो आवाज तिचा. एक पाळणा तेवढा माझा होता, आता त्यातही वाटेकरी आली. गाडी आली, तिला बसवलं. परतीच्या वाटेवर बाबा म्हणाले, "तू काऊन गप्प?" मी म्हटलं, "मोटार लागली."

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती थंडीत पुन्हा बुलढाण्याला आली. आईला दम्यानं धरलं होतं, म्हणून मला जावं लागलं. दुपारी जेवणं झाली की मागच्या अंगणात उन्हाला चटई टाकून आम्ही दोघी बसायचो. ती पाय सोडून, मी बाळाची झबली शिवत. अशाच एका दुपारी मी म्हटलं, "ते विमानाचं सांग."

"सांगितलं की सारं."

"तेव्हा लोकांनी विचारलं ते सांगितलंस. आता मी विचारते."

मग मी विचारलं. निघताना जमीन सुटते ती कशी कळते? खाली नदी दिसते का? रात्री चांदण्या वर असतात की बाजूला? ढग वरून कसे दिसतात?

"खामगावच्या जिनात सरकी काढलेल्या कापसाचा ढीग पाह्यला ना आपण? तसे. पण संपतच नाहीत. सकाळी त्याच्यावर ऊन पडलं तेव्हा गुलाबी झाले होते."

"मंग तू काय केलं?"

"काय करू? थोडं पाह्यलं आणि परत झोपले."

मी सुई थांबवली. "झोपलीस?"

"गादी इतकी मऊ होती, ताई."

मला तिचा खरा राग आला तो तेव्हा. पांघरुणाचा नाही, चमच्यांचा नाही. तो कापूस गुलाबी होत होता आणि ही कूस बदलून झोपली. मी असते तर डोळ्याला डोळा लावला नसता. हे मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "हाव, तू नसतीच झोपली," आणि माझ्या मांडीवरचं झबलं पाहत बसली. त्यानंतर रोज दुपारी मी तिच्याकडून थोडं थोडं काढून घेत गेले. तिला आठवत नसलेलंही मी विचारायची आणि तिला आठवायला लावायची.

तिला मुलगी झाली. माझे पहिले दोन मुलगे, त्यामुळे मला आतून बरं वाटलं. पण दुसऱ्याच दिवशी मुंबईहून तार आली, की मुलगीच हवी होती, पेढे वाटले.

बाळ सव्वा महिन्याचं झालं तेव्हा तिचा नवरा न्यायला आला. पुन्हा लंडन, या वेळी दोन वर्षांसाठी, पुन्हा विमान. मलकापूरपर्यंत मी बाळाला घेऊन गेले. त्यांचा डबा पहिल्या वर्गाचा होता. मी बाळ द्यायला आत चढले. तिचा नवरा म्हणाला, "बसा ना ताई, अजून वेळ आहे," आणि सामान चढवून घ्यायला खाली उतरला. एवढ्या वर्षांत माझ्याशी बोललेलं त्याचं हे सगळ्यात मोठं वाक्य.

मी बसले. कातड्याची रुंद बैठक, वर पंखा, भिंतीला आरसा. मी पाठ टेकवली. बहीण समोर बाळाला पाजत होती.

"विमानातली गादी याच्यापेक्षा मऊ का वं?" मी विचारलं.

तिनं थोडा विचार केला. "बरीच मऊ."

ती लहानपणापासून अशीच होती. तिला खोटं बोलता यायचं नाही, दुसऱ्याला बरं वाटावं म्हणूनसुद्धा नाही.

घंटा झाली. तिचा नवरा दारात आला. बाबा फलाटावरून हाक मारत होते, "उतर बाई, गाडी सुटून राह्यली." मी ऐकलं न ऐकलंसं केलं. शिट्टी झाली तेव्हा बहीण म्हणाली, "ताई!" मी म्हटलं, "उतरते ना. हाकलून काऊन राह्यली?" आणि उठले. बाळाच्या टाळूवर हात ठेवला, बहिणीच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि उतरता उतरता म्हणाले, "या वेळी झोपू नको. सारं पाहून ठेव. आल्यावर मी विचारणार आहे."

गाडी हलली होती. खिडकीतून ती ओरडून म्हणाली, "हाव!"

"आणि ढग नीट पाह्य," मी फलाटावरून ओरडले. आसपासचे लोक माझ्याकडे बघू लागले. बाबांनी माझा दंड धरला आणि मोटारीकडे नेलं.