बबिताचे खाडे

मोहनरावाचं वाटोळं व्हावं असं मी म्हणणार न्हाई. झालं तर बघायला मातर पुढं बसंन.

नांदूरघाटात त्याची दूध डेअरी हाय. माझी सून बबिता तिथं दुधाचं फॅट मोजायची, कॅन धुवायची. माझा लेक सटवा मेंढरामागं रानोमाळ. बबिताच्या कामावर आमी गावात टिकलो आन नात आरोही केजच्या शाळेत जायली. काम गेलं तर समद्यांनी मेंढरामागं निघायचं, शाळा बंद.

डेअरीत नवी मशीन आली आन एक माणूस जादा झाला. मोहनराव म्हणला, "मी न्यायानं काढणार. ज्याचे खाडे जास्त, तो घरी." काढलं बबिताला! त्याचा भाचा अंगद दिवसभर खुर्चीत घोरतो, तो राहिला. कावून? तर मेला एक दिवस चुकला न्हाई. झोपायला का होईना, हजर!

आन बबिताचे खाडे कुठले? त्याच्याच थोरल्या लेकीच्या लग्नात आठवडाभर पोळ्या लाटल्या, पाव्हण्यांची उष्टी काढली. त्यानंच डेअरीतून उठवून नेलती. ते म्हणं खाडे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

थोड्याच दिसात धाकट्या लेकीचा साखरपुडा निघाला. मोहनरावाची बायको सत्यभामाबाई आमच्या दारात. "बबिता, तुझ्यासारखी पुरणपोळी कुणाला जमत न्हाई गं." मी म्हणलं, दार लाव तिच्या तोंडावर. बबिता म्हणली, "जाऊ द्या मला, आत्याबाई. तुमी बी चला."

साखरपुड्याच्या दिशी पोराकडले व्याही पंगतीला बसले. तवा तापला, आन बबिता हात धुऊन बाजूला बसली. मोहनराव पळत आला. "आगं, पोळ्या?"

"मालक, आधी सांगा. हे काम हाय का खाडा?"

"काम, काम!"

"मंग थोरल्या ताईच्या लग्नातलं काय होतं?"

व्याह्यांच्या माना वळल्या. मोहनरावाचं तोंड एवढंसं झालं. "ते बी कामच. चुकलं माझं. उद्यापासून ये डेअरीत."

"आन घरी कोण जाणार?" मी इचारलं. मला कुठला दम निघतो!

अंगद तिथंच आमटीची बादली घेऊन वाढत होता. मोहनराव त्याच्याकडं न बघता बोलला, "अंगद, उद्यापासून तू येऊ नको."

असं गार वाटलं जिवाला म्हणता! पोरगं जागच्या जागी खिळलं. मी तिथंच पंगतीत बसकण मारली, ताट पुढं ओढलं आन म्हणलं, "थांबलास कावून रे? वाढ की."