तापाची भिशी

आमच्या मामेसासऱ्यांच्या पोटात अन्नाशिवाय दुसरं काहीही टिकत नसे. ते पाटणला डॉक्टर होते, आणि रोग्याचं नाव तेवढं सोडलं तर रोगाची सगळी हकिकत ते भेटेल त्याला सांगत. एकदा एसटीत शेजारी बसलेल्या निवृत्त सुभेदाराला त्यांनी कराड येईपर्यंत प्लीहा कशी सुजते ते त्याच्याच पोटावर दाबून दाखवलं. उतरताना तो म्हणाला, "आवं डाक्टर, फ्रंटवर भ्यालो न्हाई तेवढा आज भ्यालो!"

सत्तरच्या दशकातले आम्ही बाकीचे डॉक्टर मात्र पक्के आतल्या गाठीचे. इंजेक्शनची रिकामी बाटलीसुद्धा शेजारच्या डॉक्टरच्या नजरेला पडू देत नसू. यावर मामांनी तोडगा काढला तो मामींची भिशी पाहून. आमच्या भिशीत पैसे नव्हते. दर महिन्याला प्रत्येकाने आपल्याला न उमगलेला एक ताप आणायचा, आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याने सगळ्यांचे ताप घरी नेऊन त्यांचा छडा लावायचा. मेढ्याचे डॉक्टर आले, सांगलीचे रक्त तपासणारे आले, कडेगावहून मी गेलो. पहिल्या बैठकीला आम्ही सगळ्यांनी आपापले ठणठणीत बरे केलेले रोगीच सांगितले. मामा उखडले. "बरं झाल्यालं घरी ठिवा रं! हितं फसल्यालं आणा!"

मग हळूहळू जिभा सुटल्या. एका दिवाळीच्या सुमारास मेढ्याच्या डॉक्टरांनी अंगभर पुरळ उठणारा ताप सांगितला. मी सांगितला डोंगरात गवत कापून तापानं फणफणत आलेला माणूस. त्याच्या काखेतली काळी खपली बिडीचा चटका समजून मी तिला मलम लावलं होतं. मामा ताडकन उठले, "व्हय! असल्या खपलीचा माझ्याकडंबी हाय!" चिठ्ठीही त्यांचीच निघाली. गवतातला किडा चावून हा ताप येतो हे त्यांनी आमचे सगळ्यांचे रोगी एकत्र मांडून शोधलं. पुढच्या गवतकापणीला आमच्यापैकी कुणी चाचपडलं नाही.

मुंबईच्या वैद्यकीय मासिकात एकदा तरी नाव छापून यावं, ही मामांची जन्माची हौस. त्यांनी लेख पाठवला. वर भिशीतल्या झाडून सगळ्यांची नावं, शेवटी रक्ताच्या बाटल्या सांगलीला पोचवणाऱ्या एसटी कंडक्टरचंही. संपादकांनी कळवलं, लेख उत्तम आहे, पण नाव एकट्या तुमचं ठेवा. मामी म्हणाल्या, "मग छापू द्या की. तुमचं तर ऱ्हातंय न्हवं?" मामांनी लेखावरची सगळी नावं, कंडक्टरपर्यंत, बोटांवर मोजली. मग म्हणाले, "सगळ्यांची भिशी एकट्यानं घिऊन पळू व्हय?" लेख त्यांनी परत मागवला, त्याच्या प्रती काढल्या आणि गावोगावच्या डॉक्टरांना स्वतः नेऊन दिल्या.

पुढं बऱ्याच वर्षांनी तोच ताप त्याच मासिकात कुणा दुसऱ्यांच्या नावानं आला. मी तणतणत तो अंक घेऊन पाटणला गेलो. मामा थकले होते. सगळा लेख त्यांनी माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाले, "ब्येस झालं, जावईबापू. आता लांबच्या डाक्टरांस्नीबी कळंल." त्यांनी अंक मांडीवर घेतला, वरच्या नावांवरून सावकाश बोट फिरवलं आणि म्हणाले, "छपाई लय झ्याक असती, न्हाई ह्यांची?"