कागदावरचा पंजा

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत, पण बाकावर बसलेल्या त्या म्हातारीचे तीन दिवस मी अजून वेगळे काढून सांगू शकते. मी पोलीस नव्हते. चाकणच्या बाजूच्या एका ठाण्यात झाडलोट, पाणी, आणि एखादी बाई ताब्यात असली की तिच्याजवळ बसणं, एवढं माझं काम. साहेब लोक निवृत्त झाले की आठवणी लिहितात. त्यांच्या आठवणींत हे प्रकरण आलंच तर एका ओळीत येईल, म्हणून मी लिहून ठेवते आहे. नावं कुणाचीच लिहीत नाही.

जवळच्या गावातला एक शेतकरी मोटारसायकलवरून घरी येताना डंपरखाली गेला. डंपर थांबला नाही. त्याच्या रानाच्या तिन्ही बाजूंना कंपन्यांची गोदामं उभी राहिली होती, आणि उरलेल्या तुकड्यावरून चुलत भावाशी बांधाचा वाद होता. चुलत भावाने धमकी दिली म्हणून त्याने पूर्वी अर्जही केला होता. पण डंपर सापडला नाही, साक्षीदार मिळाला नाही, आणि कागदावर अपघाती मृत्यू अशीच नोंद राहिली.

या माणसाकडे परवान्याचं छोटं रिव्हॉल्व्हर होतं. परवानाधारक गेला की शस्त्र जमा करावं लागतं. घरी दोनदा नोटीस गेली. बायको म्हणाली, कपाटात होतं, आता नाही. दोन वेळा घरझडती झाली. ज्वारीची पोती, देवघर, गोठ्यातली वैरण, सगळं उलथंपालथं केलं. रिव्हॉल्व्हर नाही आणि पाच गोळ्याही नाहीत. साहेब म्हणाले, पैसा चोरीला गेला तर फक्त गेलेला असतो, हत्यार गेलं म्हणजे ते कुठेतरी आहे.

मग खबऱ्याकडून बातमी आली की चिखलीतल्या एका वर्कशॉपवाल्याने अशा रिव्हॉल्व्हरवर काम केलं आहे. तो डाय, म्हणजे कारखान्यांना लागणारे पोलादी साचे, बनवणारा कारागीर होता. त्याला आणलं तेव्हा भीतीने त्याच्या हातातला पाण्याचा पेला सांडला, म्हणून फरशी पुसायला मी साहेबांच्या खोलीत गेले आणि साहेबांनी मला बाहेर जा म्हटलं नाही.

साहेब मारझोड करणारे नव्हते. पहिला अर्धा तास त्यांनी त्याला लेथ मशीनबद्दलच विचारलं. कोणतं पोलाद बरं, हल्ली पोरं नीट काम का शिकत नाहीत, असं. कारागीर हळूहळू मोकळा झाला. माणूस कशाबद्दलही खोटं बोलेल, पण स्वतःच्या हातच्या कामाबद्दल त्याला फार वेळ खोटं बोलवत नाही, हे मी तिथे पाहिलं. शेवटी तो आपण होऊनच सांगू लागला. मयत त्याच्याकडे तीनदा आला होता. बंदुकांच्या दुकानात त्याने बरीच हत्यारं हातात घेऊन पाहिली होती, मोठी सगळी बाजूला सारली आणि लपवलं तर कुणाला दिसणार नाही असं सगळ्यात छोटं घेतलं. मग याच्याकडे येऊन म्हणाला, कापडात अडकेल असं याच्यावर काही टोकदार ठेवू नको, आणि मूठ नवी कर. मापासाठी त्याने एक कागद आणला होता.

कारागिराने तो कागद जपून ठेवला होता. खिशातून काढून त्याने टेबलावर पसरला. वहीचं पान, त्यावर पेनने गिरवलेला डाव्या हाताचा पंजा. लहानसा. करंगळी आत वळलेली.

साहेब म्हणाले, "हा त्याचा हात नाही."

"नाही साहेब. त्याचा पंजा फावड्याएवढा होता. मी म्हटलं, वहिनींसाठी का? तर नुसता हसला. म्हणाला, घरी एकटं माणूस असतं. ही करंगळी वळलेली बघितली तुम्ही? तिच्यासाठी मी खाली वेगळी खाच ठेवली. दुसऱ्या कुणाच्या हातात ती मूठ बसायची नाही."

हे सांगताना त्याच्या आवाजात अभिमान होता. मग आपण कुठे बसलो आहोत हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने कागद साहेबांकडे सरकवला.

दाराशी उभे असलेले हवालदार हसून म्हणाले, बायकोच्या हातात हत्यार द्यायला नवरा खुळा का? महिला हवालदार ताई म्हणाल्या, "तुमच्या बायकोला दिलं तर नेम धरायला ती फार लांब जाणार नाही." सगळे हसले. साहेब हसले नाहीत. ते कागदाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मयताच्या बायकोला बोलावलं. तिचा हात कागदावर ठेवून पाहिला. बोटं पेरभर लांब निघाली, करंगळी सरळ. तिथे प्रकरण मिटायला हवं होतं, पण तिथूनच तिचे हाल सुरू झाले. हात तुझा नाही, तर मग कोणत्या बाईचा? नवरा कुणाला हत्यार देत होता? ती बिचारी आधी रडली, मग नुसती बघत राहिली. नवऱ्याला जाऊन दोन महिने झाले नव्हते, आणि एक परकी बाई कागदावरून उठून तिच्या घरात शिरली होती. गावातही कुजबुज पोचली. तिला पुन्हा पुन्हा बोलावणार, हे दिसत होतं.

तो कागद साहेबांनी टेबलाच्या काचेखाली ठेवला. मी रोज सकाळी हजेरीच्या आधी ती काच पुसायची. फडकं त्या पंजावरून न्यायला मला नको वाटायचं. मी कडेकडेने पुसायची. एकदा खोलीत कुणी नाही असं बघून मी माझा हात त्यावर ठेवला. बसला नाही. मला बरं वाटलं, आणि बरं का वाटावं याची भीतीही वाटली. त्या दिवसांत ठाण्यात येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हाताकडे सगळे बघायचे. मंगळसूत्र चोरीला गेल्याची तक्रार द्यायला आलेली, भाडेकरूची नोंद करायला आलेली. सही करायला हात पुढे आला की ठाणे अंमलदाराचं बोलणं थांबायचं. कुठल्यातरी बाईच्या मुठीत बरोबर बसणारं एक हत्यार बाहेर हिंडत होतं.

सून एकटी पोलिसांत कशी जाईल म्हणून तिच्याबरोबर सासू यायची. नऊवारी नेसलेली, वाळलेल्या अंगाची म्हातारी. सून आत गेली की ही बाहेर बाकावर, दोन्ही हात पदराखाली घेऊन बसायची. कुणाशी फारसं बोलायची नाही. पंखा लावू का विचारलं तरी मानेनेच नाही म्हणायची. दात एकही नव्हता. कमरेला चंची होती, पान-सुपारी-कात ठेवायची कप्प्याकप्प्यांची कापडी पिशवी, जुन्या बायका खोचतात तशी. घरझडतीत ताईंनी घरातल्या बायकांची अंगझडती घेतली होती, पण म्हातारीची चंची कुणी उघडली नाही. तशी ती कुणीच उघडत नाही. म्हातारी माणसं स्वतः काढून पान देतात, आपण हात घालत नाही.

मला पानाची सवय आहे. मोरीशेजारी माझा छोटा खलबत्ता असायचा. पहिल्या दिवशी म्हातारीने माझ्याकडे सुपारी मागितली. मी विडा कुटून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली, काताची चिमूटही मागितली. मी दिलं. विडा तोंडात घोळवत तिने विचारलं, पुतण्याला कधी बोलावलं आहे? चुलत भावाचा जबाब घ्यायचा होता, ते मला माहीत होतं. उद्या अकराला, असं मी सांगून टाकलं. विचारणारी म्हातारी, सांगणारी मी. त्यात काही वावगं वाटलं नाही. तिने मान हलवली आणि म्हणाली, "इथं तरी त्यो एकटा यील. बाहीर चार माणसं घिऊन फिरतो."

तिसऱ्या दिवशी त्या दोघी दहालाच आल्या. सुनेला आत घेतलं. मी बाक पुसायला गेले तर म्हातारीने परत तेच मागितलं. विडा कुटता कुटता माझा हात थांबला. कमरेची चंची फुगून लोंबत होती. तिच्या वजनाने नऊवारीचं खोचण खाली ओढलं गेलं होतं. आणि ही बाई तीन दिवस माझ्याकडून सुपारी, पान, कात मागून घेत होती. मग चंचीत होतं काय?

मी कुटलेला विडा घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. तिने पदराखालून डावा हात काढून पुढे केला. तळवा उघडला, चार बोटं सरळ झाली. करंगळी आत वळलेलीच राहिली.

काचेखालचा पंजा माझ्यासमोर उघडला होता.

मला ओरडायला हवं होतं. माझ्याच्याने ओरडवत नाही, आयुष्यात कधी ओरडले नाही. तेवढ्यात फाटकातून पुतण्या आला. त्याची माणसं बाहेर गाडीपाशी थांबली. म्हातारीने विडा घेतला नाही. तो खाली सांडला. तिचा हात कमरेला गेला आणि चंचीत शिरला.

मी तिच्याशेजारी बाकावर बसले. त्या बाकावर मी आधी कधीच बसले नव्हते. बसून मी माझा हात तिच्या हातामागोमाग चंचीत घातला आणि तिचं मनगट धरलं. आत लाकूड लागलं, गुळगुळीत, तिच्या अंगाच्या उबेने गरम झालेलं. तिच्या हातात ते असं बसलं होतं की हात कुठे संपतो आणि मूठ कुठे सुरू होते ते मला कळेना. ती माझ्याकडे बघतही नव्हती. तिच्यात जोर फार होता. एवढ्याशा म्हातारीत इतका जोर कुठून आला, कोण जाणे.

पुतण्याने तिला पाहिलं आणि तो थबकला. मला वाटलं, तो वळून आत जाईल. पण आजूबाजूला पोलीस होते, ओळखीची दोन गावकरी माणसं होती, आणि वडीलधारी समोर दिसल्यावर वाद असो नसो, माणूस करतो ते त्याने केलं. तो जवळ आला, वाकला, आणि तिच्या पायांवर हात ठेवून म्हणाला, "काकी, पाया पडतो."

त्याचं डोकं तिच्या गुडघ्यांपाशी होतं. ती याच क्षणासाठी तीन दिवस बसली होती. माझ्या मुठीतलं तिचं मनगट लोखंडासारखं झालं.

आणि तिच्या तोंडून निघालं, "औक्षवंत हो."

सवयीने निघालं. पन्नास-साठ वर्षं जो जो पाया पडला त्याला तिने जे म्हटलं होतं, तेच. म्हणून झाल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. आपल्या तोंडातून हे कोण बोललं, असं तिच्या डोळ्यांत होतं. तिचं मनगट ढिलं पडलं. पुतण्या उठून आत गेला, आणि त्याला काहीच कळलं नव्हतं.

मी तिचा हात सोडला नाही. ताई दारात दिसल्या तेव्हा मी एवढंच म्हणू शकले, "ताई, जरा इथं या."

पंचनामा झाला. रिव्हॉल्व्हर, त्यात पाच जिवंत गोळ्या, आणि एक कापडी चंची. मुद्देमालात चंचीची वेगळी नोंद झाली. चंचीत पानाचा देठसुद्धा नव्हता. साहेबांनी म्हातारीला खुर्ची दिली आणि शांतपणे विचारलं. तिने काही लपवलं नाही.

"माझ्या ल्येकानं करून घेतलं व्हतं. मी डावखुरी, म्हनून डावा हात वहीवर ठिवाय लावला. म्हनला, आये, तुला बांगड्या करायच्यात. मग ह्ये आनून दिलं. म्हनला, गोदामांच्या मागं दिसभर तू एकलीच असतीस, कुनी आलं तर ऱ्हाऊ दे जवळ. चंचीत कुनी बघत न्हाई."

साहेबांनी विचारलं, सुनेचे एवढे हाल झाले, तरी तुम्ही गप्प का बसलात? त्यावर तिने पहिल्यांदा मान खाली घातली. म्हणाली, आजचा दिवस झाला की सांगणारच होते.

सुनेला त्याच दुपारी घरी सोडलं. साहेबांनी काच उचलून तो कागद काढला आणि ठाणे अंमलदाराला सांगितलं, हिला आता कुणी काही विचारायचं नाही. म्हातारीवर रीतसर गुन्हा दाखल झाला. वयामुळे जामीन लवकर मिळाला. डंपरचा तपास साहेबांनी पुन्हा सुरू केला, पण त्यांची बदली होईपर्यंत तो लागला नाही. पुतण्याने केलं की नाही, मला आजही माहीत नाही. म्हातारीला खात्री होती. खात्री आणि पुरावा या दोन गोष्टी ठाण्यात वेगवेगळ्या कपाटांत राहतात, एवढं मी तिथे शिकले.

त्या दिवशी जबाब संपल्यावर न्यायला गाडी येईपर्यंत तिच्याजवळ बसायचं काम माझंच होतं. मी नवा विडा कुटून दिला. तिने तो घेतला. बराच वेळ घोळवून झाल्यावर तिने मला विचारलं, "बाई, तोंडातनं गेलेला आशीर्वाद माघारी घेता येतो का गं?"

मी चौथी शिकलेली. असल्या गोष्टी मला काय कळणार? पण ती माझ्याकडेच बघत होती, म्हणून मी खरं वाटलं ते सांगितलं. म्हटलं, "नाही आजी. दिलेला तो दिलेला."

तिने वळलेल्या करंगळीने ओठाच्या कडेची लाल लाळ पुसली.

"मग जगू दे त्याला," ती म्हणाली.

पुतण्या अजून आहे. आठवडी बाजारात कधीतरी दिसतो, तब्येतीने ठणठणीत. त्याला पाहिलं की माझ्या तळहाताला ते गरम लाकूड लागतं. हत्यार हातात बरोबर बसेल असं करून घेता येतं, हे मी पाहिलं आहे. ते धरणारं माणूस मात्र त्या मापात बसेलच असं नसतं. आणि त्या दिवशी तरी ते बसलं नाही, एवढ्यावर तिचं, पुतण्याचं आणि माझं अशी तीन घरं टिकून राहिली.