फ्रीजची तिसरी तार

काळी आई सगळं पोटात घेते, असं पीक बुडालेल्या गावांच्या दौऱ्यावर आलेले पुढारी सांगत. त्या दुष्काळी उन्हाळ्यात आमच्या अकोटच्या अंगणातली माती साधा करंटही पोटात घेईना.

नवा फ्रीज हात लावला की झटका देई. मी बायकोला म्हटलं, चप्पल घालून उघडत जा. मग तिनंच वायरमन बोलावला. त्यानं फ्रीजला उलटा हात लावून पाहिला, मग जुना स्विचबोर्ड उघडला. सॉकेटच्या तिसऱ्या, अर्थिंगच्या भोकामागं तारच नव्हती.

"हे भोक काय शोभेले ठेवलं, भाऊ? वयनीले करंट लागून राहिला, अन् तुमी म्हनता चप्पल घाला! फ्रीजची तरी वारंटी हाय. वयनीची हाय का?"

मला राग आला. तोही रागातच अंगणात खणत होता. पाइप गाडला, मीठ-कोळसा भरला, तार जोडली. तपासणीचा बल्ब नुसता मिणमिणला. बायकोनं खड्ड्यात दोन बादल्या ओतल्या, तेव्हा लख्ख पेटला.

"माती वली ठेवा. रोज एक बादली. तुमच्या वाट्याची," तो मला म्हणाला.

नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई. मी एक दिवसाआड आंघोळ करू लागलो.