सुनेचं नाव, माझं नाव

शिरवळच्या स्टँडमागं ऑनलाइन फॉर्म भरणारा एक माणूस बसतो. एका बोटानं टाइप करतो आणि प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणतो.

माझा लेक कामाला व्हिएतनामला, त्यानं तिकडचीच मुलगी केली. तिला घरी आणायला व्हिसा हवा होता. मी सुनेच्या पासपोर्टाची झेरॉक्स पुढं केली आणि नाव सांगितलं, गौरी. तिच्या फोटोसमोर ताटातल्या तांदळात मीच ते लिहिलं होतं.

त्याचं बोट थांबलं. “आवं आजी, पासपोर्टावर हे नाव न्हाई. व्हिसा मिळायचा न्हाई.”

“लग्नात नाव बदलतंच. माझंबी बदललं.”

त्यानं पासपोर्टावरचं नाव भरलं. मग विचारलं, “तुमचं माहेरचं काय हुतं?”

“हौसा.” पन्नास वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

व्हिसा आला तेव्हा तो रस्त्यापलीकडून ओरडला, “हौसाआजी, सून येतीया!”

मला ऐकू आलं होतं. तरी त्यानं पुन्हा हाक मारेपर्यंत मी वळले नाही.