तरंगलेल्या बिया

माझी वहिनी बियांशी जेवढं बोलायची तेवढं माझ्या भावाशीही कधी बोलली नसेल. सरकारी रोपवाटिकेत तिची तीस वर्षं गेली. भाऊ गेला, माझीही नाटकं बंद पडली, तेव्हा मी तिच्याकडे राहायला आलो. रोज दुपारी तिचा डबा घेऊन जायचो आणि तिथेच रेंगाळायचो.

"बसा, भाऊजी," ती म्हणायची, "पण संवाद म्हणू नका. रोपं झोपलीयत."

डोंगरात ओढ्याकाठी एक झाड होतं. तसली झाडं त्या रानात तीनच उरलेली. त्यांतली दोन नर, फळ धरणारं हे एकटंच. पहिल्यांदा त्याच्या बुंध्याशी उभा राहिलो तेव्हा माझा हात आपोआप टोपीकडे गेला. मोठमोठ्या नटांसमोर उभा राहिलोय मी, पण काहीही न करता नुसतं उभं राहून एवढा दरारा कुणाचा पाहिला नाही. मान दुखेपर्यंत वर बघितलं तरी शेंडा सापडेना. बुंधा मात्र आतून पोखरत चालला होता.

त्याला फळ सहा-सात वर्षांतून एकदा यायचं. ते यंदा आलं. वहिनीच्या निवृत्तीला तेव्हा पाच महिने उरले होते.

"पुढच्या फळापर्यंत हे तग धरत नाही," ती म्हणाली. "म्हणजे जे काय व्हायचं ते आत्ताच."

फळं काढायला एक सहाफुटी गडी दोर बांधून चढला. त्याला सगळे खारूताई म्हणत.

"फळं सांभाळ रे," वहिनी खालून ओरडली.

"आणि माझा जीव, मावशी?"

"तुझ्यासारखे ढीगभर मिळतील."

एकेचाळीस फळं मिळाली. प्रत्येकात एकच बी.

रोपवाटिकेच्या भिंतीवर वहिनीच्याच अक्षरात पाटी होती: 'बुडेल ते बी पेरा, तरंगेल ते टाका.' भरीव बी पाण्यात बुडतं, पोकळ असलं की वर येतं. तिथे आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला तिने पहिल्या दिवशी हेच शिकवलेलं. त्या एकेचाळीस बिया तिने बादलीत सोडल्या. नऊ बुडाल्या. बत्तीस तरंगत राहिल्या. ती बादलीकडे बघत किती तरी वेळ उकिडवी बसून होती. मग तरंगणाऱ्या बिया ओंजळीने काढून शेडमागे पालापाचोळ्याच्या ढिगावर टाकून आली.

"नऊ तर नऊ," म्हणाली.

त्या नऊ पिशव्यांचे लाड काय सांगू. सावली सरकली की पिशव्या सरकायच्या. तीन महिने गेले, मातीने तोंड उघडलं नाही. शेवटी रोपवाटिकेच्या साहेबांनी, वयाने तिच्या मुलासारखेच ते, हळूच विचारलं, "मावशी, बघूया का आता उकरून?"

तिने उकरलं. नऊच्या नऊ बिया कुजलेल्या, आणि प्रत्येकीला किडीने पाडलेलं बारीक भोक.

"त्या भोकांतून पाणी शिरलं," ती स्वतःशीच म्हणाली. "म्हणून बुडाल्या होत्या."

तिने ती कुजकी माती घमेल्यात भरली आणि शेडमागे निघाली. तिला एकटीला सोडवेना, म्हणून मीही मागोमाग गेलो. नळ तिथे कायम ठिबकायचा. ढिगावर चढायला मी पाय उचलला.

"भाऊजी," ती म्हणाली, "पाय टेकवू नका."

मी एका पायावर थांबलो. माझ्या बुटाखाली वीतभर अंतरावर तांबूस, ओलसर असं काहीतरी कुजक्या पानांतून वर आलं होतं. डोक्यावर बियांची फुटकी टरफलं तशीच, टोपीसारखी. एक, मग त्यापलीकडे दोन, मग जिथे बघावं तिथे. आयुष्यभर रंगमंचावर उभा राहिलो, पण इतका निश्चल कधीच नाही. माणसाचा जन्म नव्हता तेव्हापासून हे असंच उगवत आलं असणार, आणि आज ते माझ्या बुटापाशी होतं.

वहिनीने मोजलं. सव्वीस रोपं.

"तरंगायलाच जन्मलेलं बी," ती गुडघ्यांवर बसूनच म्हणाली. "पाण्याबरोबर जाऊन पुढच्या काठाला लागायचं. तीस वर्षं त्या ओढ्यात पाय धुतेय मी, हे झाड काठालाच का उभं आहे, हे एकदाही मनात आलं नाही."

मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. "मागे टेका पाय. हळू."

साहेब धावत आले. म्हणाले, "मावशी, अहवालात लिहितो, तुम्ही ढिगावर टाकल्या म्हणून जगल्या."

"तसं नका लिहू. मावशी चुकली असं लिहा. नाहीतर माझ्या जागी येईल तीही बिया फेकून देईल."

निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी भाषणाचा आग्रह धरला. ती सर्वांना भिंतीपाशी घेऊन गेली. पाटीखाली रंगाने नवी ओळ लिहिली होती, ती तिने खारूताईला मोठ्याने वाचायला लावली: 'टाकण्याआधी, ते झाड कुठे उभं असतं ते बघून या.'

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारी सव्वीस रोपं झोपली होती.