दगडात कोरलेलं 'दत्ता'

बाबांचा उजवा हात चार वर्षांपूर्वी गेला.
बाकीचे बाबा काल दुपारी गेले.

गुहागरहून मस्कतला आलेला हा साइनबोर्ड पेंटर. तिथल्या मत्रहच्या सूकमध्ये, जुन्या बाजारात, तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. इंग्लिश, हिंदी, बघून बघून अरबीसुद्धा.

स्ट्रोकनंतर हात टॉवेलखाली लपवून मस्कतच्या माबेला भागातल्या आमच्या घराच्या बाल्कनीत बसायचे. माझ्याशीही बोलत नसत.

खालच्या मजल्यावर लीन आंटी राहते. चीनहून मुलीकडे आलेली.
एक दिवस ब्रश, शाईची कांडी आणि एक दगडी ताटली घेऊन ती वर आली. थोडं पाणी घालून गंधासारखी शाई उगाळत बसली. गोल, गोल. खोलीत कापराचा मंद वास.

बाबा म्हणाले, "मला साधी सही करता येत नाही. चित्र कसलं काढू?"

तिला काय कळलं कोण जाणे. ब्रश त्यांच्या डाव्या हातात दिला.
"यल्ला, बाबा." चला, करा सुरू, असं इथल्या अरबीत.

मग आमच्या दुपारी ओल्या शाईच्या झाल्या.
पातळ कागदावर बांबू उगवायचे. डोंगर विरघळायचे. एसीची घरघर ऐकता ऐकता माझा डोळा लागायचा, आणि उघडला की समोर नवीनच दरी.

"धुकं काढायचं नसतं मनू," बाबा सांगायचे. "तिथला कागद सोडून द्यायचा."

बाबा बोलायला लागले होते.

गेल्या हिवाळ्यात आंटीने मोबाइलवर ट्रान्सलेट करून विचारलं, चित्रावर नाव का नाही?
बाबा हसले. "जन्मभर दुसऱ्यांची नावं लिहिली. आपलं कुठे लिहितात?"

मी तिला चिठ्ठीवर लिहून दिलं. दत्ता.

पंधरा दिवसांनी तिने मऊ दगडाचा छोटा शिक्का आणला. एकही अक्षर ओळखत नसताना तिने ती सगळी उलटी कोरली होती.
लाल शाई लावून बाबांनी तो चित्राच्या कोपऱ्यात टेकवला.

कितीतरी वेळ बघत राहिले.
"शिरोरेषा जाड झालीय," म्हणाले.
आणि रडले. स्ट्रोकनंतरसुद्धा रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "एक फळी आण. आणि ऑइल पेंट."
आठवडाभर डाव्या हाताने खपून त्यांनी तिच्या दारासाठी पाटी केली. मराठीत. लीन.

तिला ती वाचता येत नाही. येता-जाता अक्षरांवरून बोट फिरवते.

आज बाबांना खाली आणलं, तेव्हा ती त्याच दारात उभी होती. हात जोडून, आपल्यासारखे.

सावकाश जा, बाबा.